काचपट्टीवरचे निदान आणि तंजावरची टिपणे

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात पोथ्या आणि मोडी दप्तरे यांच्या शेजारी काही वैद्यकीय टिपणे जपलेली आहेत. सरफोजी राजे दुसरे (१७७७ ते १८३२) यांच्या काळात तपासलेल्या नेत्ररुग्णांची ही टिपणे असून त्यांच्यासोबत डोळ्यांची रंगीत चित्रेही आहेत. १७९९ मध्ये राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला आणि या भोसले राजाकडे किल्ल्यापुरतीच सत्ता उरली. त्यानंतर त्यांनी जे उभे केले, त्यात आजार आधी नीट पाहावा आणि पाहिलेले लिहून ठेवावे, ही शिस्त मला ग्रंथसंग्रहाइतकीच मोलाची वाटते.

याच शहरात १९५९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे हॅझर्ड, हॉक आणि क्राइल या तिघांनी थायरॉईडच्या एका विरळ कर्करोगाचे स्वतंत्र वर्णन प्रसिद्ध केले. त्याला मेड्युलरी कर्करोग म्हणतात. थायरॉईडच्या शंभर कर्करोगांत तो जेमतेम दोन-चार रुग्णांत आढळतो.

विरळ म्हणून तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. थायरॉईडचे नेहमीचे कर्करोग आयोडीन शोषणाऱ्या पेशींतून उद्भवतात. हा मात्र कॅल्सिटोनिन हे संप्रेरक निर्माण करणाऱ्या ‘सी’ पेशींतून उद्भवतो. या पेशी आयोडीन घेत नाहीत. त्यामुळे इतरांना तारणारे किरणोत्सारी आयोडीन येथे निरुपयोगी ठरते. निदान चुकले तर उपचारही चुकतो, आणि वेळ हातचा जातो.

अडचण अशी की, हा आजार बहुरूपी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशी कधी गोल, कधी बहुकोनी, तर कधी चातीसारख्या निमुळत्या दिसतात. थायरॉईडच्या अन्य गाठींचे सोंगही तो हुबेहूब वठवतो. जाणता विकृतिशास्त्रज्ञ पेशीकेंद्रकातील मीठमिरी विखुरल्यासारखे कण पाहतो आणि पेशींमधला अमायलॉईड नावाचा गुलाबी, एकजिनसी पदार्थ शोधतो. तो बहुतेक गाठींत असतो, पण सर्वच गाठींत नसतो. काँगो रेड या रंगाने रंगवून ध्रुवित प्रकाशात पाहिल्यास अमायलॉईड कच्च्या सफरचंदासारखा हिरवा चमकतो. अखेरचा कौल कॅल्सिटोनिन ओळखणाऱ्या प्रतिपिंडांच्या चाचणीने मिळतो. मोठ्या शहरांबाहेरच्या अनेक प्रयोगशाळांत ही चाचणी होत नाही. तेव्हा ऊतीचा मेणात बसवलेला ठोकळा दूरच्या केंद्राकडे पाठवावा लागतो. तसे करण्याची शंका मनात येणे, हेच खरे कौशल्य होय.

प्रश्न एका रुग्णापुरता थांबत नाही. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत हा आजार आनुवंशिक असतो. त्यामागचा ‘रेट’ जनुकातील दोष १९९३ मध्ये उघड झाला. असा दोष असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. वेळीच कळल्यास गाठ होण्याआधीच मुलाची ग्रंथी काढून कर्करोग टाळता येतो. अशा घरांतील काहींना अधिवृक्क ग्रंथीतही गाठ असते. ती न शोधता भूल दिली, तर रक्तदाब अकस्मात चढून शस्त्रक्रियेच्या मेजावरच प्राणावर बेतू शकते.

येथे आपली धोरणे तोकडी पडतात. २०१८ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण देते. पण तिची बांधणी रुग्णालयात दाखल होणाऱ्याभोवती आहे. रुग्णाचा भाऊ किंवा सहा वर्षांची मुलगी आज धडधाकट आहे. त्यांच्या जनुक तपासणीचे पैसे कोणत्या शीर्षाखाली टाकावेत? प्रशासनातील माझ्या अनुभवानुसार, ज्या खर्चाला लेखाशीर्ष नाही तो खर्च होतच नाही. मेड्युलरी कर्करोगाचे निदान झाले की कुटुंबीयांची तपासणी त्याच उपचाराचा भाग मानली जावी, असा नियम राज्यांना करता येईल. रुग्णसंख्या अल्प असल्याने त्याचा भारही अल्पच राहील. आणि विकृतिशास्त्रज्ञाच्या अहवालात, निदानाच्या खालीच, एक ओळ छापलेली असावी: रक्ताच्या नातेवाइकांना तपासणीस बोलवावे.