दिवाणखान्यातला समुद्र

मालवणच्या माणसाने परमुलखात जाऊन बादलीत समुद्राचे पाणी कालवावे, आणि तेही विकतचे मीठ तोलून, याला काय म्हणावे? माझे सारे आयुष्य समुद्राच्या शेजारात गेले. पण समुद्राला कुणी सांभाळावे लागते, हे काही माझ्या डोक्यात कधी आले नव्हते. तो आपला आपण येतो, आपला आपण जातो; आपण फार तर होडी वर ओढून ठेवायची. समुद्र सांभाळायचा कसा, हे मला २०१२ साली आमच्या चिरंजीवांनी न्यू जर्सीत शिकवले. आणि चांगली हातात बादली देऊन शिकवले.

त्या ऑगस्टात आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी मुलाकडे एडिसनला गेलो होतो. दिवाणखान्यात शिरताच समोर दिसली ती चार फूट लांबीची काचेची पेटी. आत २८४ लिटर खारे पाणी, खडक, आणि खडकांवर जिवंत पोवळी. काही हिरव्या बोटांसारखी डोलणारी, काही जांभळ्या गुंड्यांसारखी. दोन विदूषक मासे होते, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले. आणि एक होता हळदीत बुडवून काढल्यासारखा पिवळाधमक. त्याला आमच्या सात वर्षांच्या नातवाने ‘लिंबू’ म्हणून हाक मारायला सुरुवात केली होती.

चिरंजीव संध्याकाळी कचेरीतून आले की बूट काढून थेट त्या पेटीपाशी. आईशी बोलणे चाले, पण पाठमोरे. सूनबाई हसत म्हणाल्या, “बाबा, ही माझी सवत.” मला हसू आले नाही. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबापांपेक्षा त्या माशांना जास्त वेळ मिळतो की काय, अशी शंका मला चावू लागली. मी जन्मभर हिशेबनिसाचे काम केलेला माणूस. शंका आली की वही घालावी, ही जुनी खोड. मी वही घातली.

रोजचे पंचवीस मिनिटे. उष्णमापक पाहायचा, पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर हवे. काचेवरचे शेवाळ पुसायचे, मासे जेवू घालायचे. फेसाच्या यंत्राची वाटी धुवायची. तिच्यात माशांची घाण काळपट फेसाच्या रूपाने साचते, आणि तिचा वास म्हणजे सुकवायला टाकलेल्या बोंबलांवर पाऊस पडावा तसा. मग नळीत थोडे पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब मोजायचे, रंग पालटेपर्यंत. पोवळी आपले दगडी घर बांधायला पाण्यातला चुना सतत ओढतात. जेवढा ओढला तेवढा परत घालावा लागतो. रविवारी दोन तास निराळे. अठ्ठावीस लिटर जुने पाणी काढायचे आणि तेवढेच नवे घालायचे. ते आदल्या रात्री किलोभर खास मीठ विरघळवून, ढवळून, उबवून तयार ठेवायचे. महिन्या-दोन महिन्यांनी पंप खोलून व्हिनेगरमध्ये भिजत घालायचे, ते वेगळेच.

बेरीज केली : आठवड्याचे जवळजवळ पाच तास, वर्षाचे दोनशे साठ. आठ तासांचा दिवस धरला तर साडेबत्तीस दिवस! मी वही चिरंजीवांपुढे ठेवली. त्यांनी ती नीट वाचली आणि म्हणाले, “बाबा, बेरीज बरोबर आहे. पण यात नुसतं बघत बसण्याचा वेळ धरलेला नाही.” आणि दुसऱ्या दिवसापासून रोजचे काम त्यांनी माझ्याकडेच सोपवले. तक्रारदाराचे तोंड बंद करण्याचा हा उपाय मी कचेरीत अनेकांवर केला होता.

पहिल्याच आठवड्यात मी घोटाळा केला. पेटीतले पाणी रोज तीन-चार लिटर आटे. समुद्रात घालायचे म्हणजे खारेच पाणी, असे समजून मी चार दिवस मिठाचे पाणी ओतत राहिलो. पाचव्या दिवशी पोवळी मिटून बसली. माझी धावपळ पाहून आमची सौ. पुढे आली. तिचे माहेर शिरोड्याचे. १९३० साली जिथे मिठाचा सत्याग्रह झाला तेच शिरोडे. मिठागरे पाहत वाढलेली बाई ती. “अवो, पाणी आटता, मीठ थयच रवता!” तिने एका वाक्यात निकाल लावला. आटलेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणीच घालायला हवे होते. माझ्या हातून दिवाणखान्यात मिठागर तयार होत होते.

त्यानंतर मी चिरंजीवांच्या कपाटातली पुस्तके वाचायला घेतली. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. एक जातीचे जंतू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट. हे जंतू खडकांच्या छिद्रांतून नांदू लागायलाच महिना-दीड महिना जातो, आणि तोवर पेटी नुसती पाहत बसायची. पोवळे हा प्राणी. पण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल बिऱ्हाड करून असते, आणि ते उजेडावर अन्न करून भाड्यापोटी मालकाला देते. म्हणून दिवे वेळेवर लागले पाहिजेत, वेळेवर मालवले पाहिजेत. आमच्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली असलीच पोवळी आहेत, हेही मला साठी उलटल्यावर अमेरिकेत कळले! (ती आणून हा उद्योग करावा असे कुणाच्या मनात येईल, म्हणून सांगून ठेवतो : दगडी पोवळी २००१ सालापासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. हात लावणे हा गुन्हा आहे.)

त्या पुस्तकांत मला ॲना थिन या इंग्रज बाई भेटल्या. १८४६ साली त्यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत पोवळी लंडनला नेली. तेव्हा वीज नव्हती, पंप नव्हते. पाण्यात हवा खेळावी म्हणून त्यांची एक लहानशी मोलकरीण उघड्या खिडकीपुढे उभी राहून, अर्धा-पाऊण तास, या भांड्यातून त्या भांड्यात पाणी ओतत असे. बाईंनी लिहून ठेवले आहे की मुलीला त्यात गंमत वाटे. मोलकरणीला काय वाटे ते मालकिणीने लिहावे, याची मला मौज वाटली. पुढे दोनच महिन्यांत ते काम माझ्याच वाट्याला यायचे होते.

ऑक्टोबरच्या अखेरीस चिरंजीव आठवड्यासाठी कॅलिफोर्नियाला गेले. सोमवारी, २९ तारखेला, सँडी नावाचे वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळले. त्या दिवशी नेमकी कोजागिरी! पौर्णिमेच्या उधाणाने किनाऱ्यावर किती अनर्थ केला ते जगाला ठाऊक आहे. आमचे घर आत असल्याने पाणी आले नाही. पण रात्री आठच्या सुमारास दिवे गेले. चंद्राचा पत्ता नव्हता. सौ.ने मसाल्याचे दूध गॅसवर ठेवले होते, ते आम्ही मेणबत्तीपुढे बसून प्यालो. आणि एकाएकी माझ्या लक्षात आले, की पेटीचा आवाज बंद झाला आहे.

पाणी थांबले म्हणजे हवा संपते. ते थंड होते हा पुढचा प्रश्न. आधी जीव गुदमरतात. सेलवर चालणारा एक लहान पंप होता, तो लावला. तेवढ्याने भागेना, म्हणून मी स्टुलावर बसून तांब्याने पाणी उचलून हातभर उंचीवरून परत सोडू लागलो. सूनबाईंनी गावाहून आणलेल्या दोन गोधड्या काचेभोवती गुंडाळल्या. बाटल्यांत कढत पाणी भरून, बुचे घट्ट लावून, त्या पेटीत तरंगत सोडल्या. पाळ्या लावल्या : दोन तास मी, दोन तास सूनबाई. ती कोजागिरी आम्ही अक्षरशः जागवली.

मंगळवारी घर गारठले, कारण तिकडचा घर तापवण्याचा बंबही विजेवाचून चालत नाही. पाणी बावीसवर उतरले, मग वीसवर. शेजारच्या गुजराती गृहस्थांकडे जनित्र होते. त्यांनी सकाळ-संध्याकाळ तास-तासभर तार दिली. पेट्रोलला रांगा होत्या. शनिवारपासून तर गाडीच्या क्रमांकाप्रमाणे सम-विषम तारखांना पेट्रोल मिळू लागले. असे असता परक्याच्या माशांसाठी त्यांनी ते जाळले, हे मी विसरणार नाही.

मंगळवारची रात्र माझी होती. पहाटे तीनला मी तांब्या मांडीवर ठेवला, पाठ भिंतीला टेकली. क्षणभरच, असे म्हणून. जागा झालो तेव्हा घड्याळात पावणेचार वाजले होते, सेलचा पंप बंद पडलेला होता आणि लिंबू तळाशी आडवा झाला होता. मी तासभर तांब्याने पाणी ओतत राहिलो. तो हलला नाही.

सकाळी नातवाला सांगावे लागले. तो रडला नाही, एवढेच विचारले, “आजोबा, तुम्ही झोपला होतात का?” मी हो म्हटले. अंगणातल्या मेपलच्या बुंध्याशी आम्ही दोघांनी त्याला पुरले.

रविवारी, सातव्या दिवशी, वीज आली. त्याच संध्याकाळी चिरंजीव आले. मी वही पुढे केली. तिच्यात बुधवारच्या पानावर ‘३ ते ३-४५ : झोप’ असे लिहिले होते. त्यांनी ते वाचले, वही मिटली आणि विचारले, “तुमची पाठ कशी आहे?” मग बाही वर करून पाण्यात हात घातला. हिरव्या पोवळ्याची निम्मी बोटे झडून पांढरा दगड उघडा पडला होता. विदूषक मासे जोडीने जिवंत होते.

१३ नोव्हेंबरला दिवाळी. अभ्यंगस्नान करून मी फराळाआधी पेटीपाशी गेलो, तर नातू अगोदरच स्टूल लावून उष्णमापक वाचत होता. सौ. चकल्या घेऊन आली ती तिथेच बसली. उरलेली हिरवी बोटे दिव्याखाली पुरती उघडली होती. त्या दिवसाची नोंद वहीत अशी आहे : “गोडे पाणी, साडेतीन लिटर. उष्णता, पंचवीस अंश. एकूण वेळ, पंचावन्न मिनिटे. पैकी तीस, नुसते बघण्यात.”