जुन्या महानायक-चित्रकथांचा संग्रह : छंदाकडून दस्तऐवजाकडे
(विशेष संदर्भ : धंतोली, नागपूर)

प्रस्तावना

वस्तू जमविण्याचा छंद सर्व काळांत व सर्व समाजांत आढळतो. नाणी, टपाल तिकिटे, हस्तलिखिते यांच्या संग्रहांना विद्याक्षेत्रात केव्हाच मान्यता मिळाली आहे. नाण्यांच्या आधारे राजवंशांचा कालक्रम निश्चित झाला. चित्रकथांच्या जुन्या अंकांना मात्र ही प्रतिष्ठा क्वचितच लाभली. ते मुलांचे वाचन, आणि मुले मोठी झाली की रद्दी, असाच समज रूढ आहे. प्रस्तुत लेखात ‘इंद्रजाल कॉमिक्स’ या मालिकेच्या, विशेषतः तिच्या मराठी अंकांच्या, संग्रहाचा विचार केला आहे. असा संग्रह कशाचा असतो, त्यातील अंक कसा पारखावा, नागपूरच्या हवामानात तो कसा टिकवावा आणि महाविद्यालयांनी त्यात लक्ष का घालावे, हे येथे स्पष्ट करावयाचे आहे.

पार्श्वभूमी

ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३४ मध्ये ‘मॅन्ड्रेक’ आणि १९३६ मध्ये ‘फँटम’ या वृत्तपत्रीय चित्रमालिका सुरू केल्या. अंगाला घट्ट बसणारा वेश आणि मुखवटा धारण करणारा फँटम हा सुपरमॅनहून दोन वर्षांनी वडील आहे. सुपरमॅन अवतरला तो १९३८ मध्ये, ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात. फँटमजवळ अतिमानवी शक्ती नाही. पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे येणारा वेश व शपथ हेच त्याचे बळ. त्यामुळे अभ्यासक त्याला महानायकांचा पूर्वसूरी मानतात.

भारतात मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’ समूहाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. १९९० मध्ये मालिका बंद पडेपर्यंत सुमारे आठशे अंक निघाले. प्रारंभी मासिक असलेली ही मालिका पुढे पाक्षिक व नंतर साप्ताहिक झाली. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी, बंगाली आदी भाषांतही ती निघत असे. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारलेला ‘बहादूर’ हा भारतीय नायक तिच्यात दाखल झाला.

मराठी अंकाचे वेगळेपण

येथे संग्राहकाचा पहिला प्रश्न उद्भवतो. मूळ कथा परदेशी असून इंग्रजीत उपलब्ध असताना मराठी अंक जपण्याचे कारण काय? याचे उत्तर भाषांतरात आहे. मराठीत फँटम ‘वेताळ’ झाला. इंग्रजी शब्दात केवळ भासमान आकृती सूचित होते. वेताळ मात्र वेताळपंचविशीमुळे घरोघरी परिचित, भुतांचा अधिपती आणि कोकण-गोव्यात गावाचे रक्षण करणारे दैवतही आहे. एका शब्दाच्या निवडीने परका नायक येथील लोकश्रद्धेच्या चौकटीत बसविला गेला. भारतीय आवृत्तीत स्थळांची व व्यक्तींची काही नावेही बदलण्यात आली. वृत्तपत्रातील पट्ट्या कापून पानावर नव्याने जुळविल्या जात व त्यांत रंग भरला जाई. म्हणजेच इंद्रजालचा अंक ही मूळ चित्रमालिकेची केवळ नक्कल नव्हती. साठोत्तरी मराठी बालवाचकाची भाषा, त्याला दिसणाऱ्या जाहिराती आणि त्याच्यासाठी निवडलेली सामान्यज्ञानाची पाने यांचा तो पुरावा आहे.

नागपूरच्या संदर्भात आणखी एक बाब लक्षणीय ठरते. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेश या द्विभाषिक राज्याची राजधानी होते आणि आजही येथे मराठी व हिंदी वाचन शेजारी-शेजारी चालते. एकाच कथेचा मराठी ‘वेताळ’ आणि हिंदी ‘वेताल’ एकत्र ठेवल्यास भाषांतराच्या तौलनिक अभ्यासाची सामग्री आपोआप सिद्ध होते.

दुर्मीळता व मूल्य

जुना अंक दुर्मीळ होतो तो तो जुना आहे म्हणून नव्हे, तर इतरांनी आपापल्या प्रती फेकून दिल्या म्हणून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत असंख्य चित्रकथा लगद्यात गेल्या. उरलेल्या मोजक्या प्रतींचे मोल वाढले. १० सेंट किमतीच्या ‘ॲक्शन कॉमिक्स’ क्रमांक १ ची एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरला विकली गेली.

आपल्याकडील लगदा-मोहीम संथ आहे, परंतु ती थांबलेली नाही. धंतोली हे त्याचे बोलके उदाहरण होय. सीताबर्डीलगतच्या या जुन्या बंगल्यांच्या वस्तीत गेल्या काही दशकांत रुग्णालये व सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. बंगला पाडण्यापूर्वी माळा रिकामा करावा लागतो. भांडी, छायाचित्रे व कागदपत्रे वारस वाटून घेतात. मासिके व कॉमिक्स मात्र किलोच्या भावाने कबाडीवाल्याकडे जातात. एका दुपारी एका कुटुंबाचा तीस वर्षांचा वाचन-इतिहास अशा रीतीने नाहीसा होऊ शकतो.

अंकाची पारख

संग्राहकाने अंक घेताना पुढील बाबी तपासाव्यात.

१. अंक क्रमांक, दिनांक, भाषा, किंमत व प्रकाशकाचा तपशील. उत्तरकाळात सलग क्रमांकाऐवजी खंड व अंक अशी मांडणी झाल्याने नोंद करताना गोंधळ होण्याचा संभव असतो.

२. मुखपृष्ठ, मलपृष्ठ व मधली पाने. टाचण्या सैल झाल्या की मधली जोडपाने प्रथम निसटतात.

३. बांधणी. अनेक अंक एकत्र बांधताना कडा कापल्या जातात. बाजारभाव उतरतो, पण सलग अंक सुरक्षित राहतात. अभ्यासकाने असे खंड नाकारू नयेत.

४. मूळ व पुनर्मुद्रण यांतील भेद. १९९० च्या दशकात डायमंड कॉमिक्सनेही फँटमच्या कथा प्रकाशित केल्या. त्या इंद्रजालच्या अंकांपासून वेगळ्या नोंदवाव्यात.

५. वापराच्या खुणा. मुलाने लिहिलेले नाव, वाचनालयाचा शिक्का, भाड्याचा दर यांना व्यापारी दोष मानतो. वाचनसंस्कृतीच्या अभ्यासकाला त्याच खुणा सर्वाधिक मोलाच्या वाटतात. त्या खोडू नयेत.

नागपूरच्या हवामानातील जतन

या अंकांसाठी वापरलेल्या स्वस्त कागदात लाकडातील लिग्निन शिल्लक असते. प्रकाश व हवा यांच्या संपर्काने त्यातून आम्ल निर्माण होते, कागद पिवळा पडतो आणि त्याचे तंतू तुटू लागतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो व कोरडी हवा कागद ठिसूळ करते. घरात कूलर सुरू झाला की तीच हवा दमट होते. कोरडे व दमट यांच्या या दैनंदिन आवर्तनाने कागद आकुंचन-प्रसरण पावतो, टाचण्या गंजतात आणि कसर लागते. म्हणून कपाट कूलरच्या झोतात, बाहेरच्या भिंतीला टेकून अथवा माळ्यावर ठेवू नये. अंक पॉलिएस्टर वा पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात, आम्लरहित पुठ्ठ्याच्या आधाराने ठेवावेत. पीव्हीसीचे प्लॅस्टिक टाळावे. चिकटपट्टी व लॅमिनेशन यांचे दुष्परिणाम बहुधा कायमचे असतात. पावसाळ्यानंतर प्रत्येक अंक उघडून पाहणे हा सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपाय होय.

महाविद्यालयांची भूमिका

१९५४ च्या कायद्यान्वये आणि १९५६ च्या दुरुस्तीनंतर नियतकालिकांच्याही प्रती कोलकाता, चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील निर्धारित ग्रंथालयांना देणे प्रकाशकांवर बंधनकारक झाले. त्यांपैकी एकही ग्रंथालय विदर्भात नाही. शिवाय तेथे जमा होते ती कोरी प्रत. धंतोलीतील वाचकाने हाताळलेली प्रत नव्हे. ही उणीव खाजगी संग्राहकच भरून काढू शकतो. मात्र त्याच्या पश्चात सूची नसलेला संग्रह पुन्हा रद्दीच ठरतो. म्हणून महाविद्यालयीन ग्रंथालयांनी परिसरातील संग्राहकांना सूची करण्यास साहाय्य करावे. अंक कोठून, कोणत्या वर्षी व कोणत्या घरातून मिळाला, ही नोंद अंकाइतकीच महत्त्वाची आहे. मराठी, इतिहास व ग्रंथालयशास्त्र या विभागांच्या विद्यार्थ्यांना हे प्रकल्पकार्य म्हणून देता येईल. अंक विकत घेतल्याने त्याचा प्रताधिकार मिळत नाही. त्यामुळे संपूर्ण अंकांचे सार्वजनिक वितरण परवानगीवाचून करू नये.

समारोप

चित्रकथांचा संग्रह हा वरकरणी बालपणाच्या स्मृतींचा छंद वाटतो. तथापि भाषांतर, मुद्रण, जाहिरात व वाचन यांच्या इतिहासाची साधने त्यात दडलेली आहेत. अंकाची बाजारातील किंमत हे त्याचे एक मोजमाप असले, तरी अभ्यासकाच्या दृष्टीने त्याचे मूल्य नोंदीवर अवलंबून असते. जुनी घरे पाडली जात असताना या नोंदी करण्यास उपलब्ध असलेला काळ मर्यादित आहे, याची जाणीव प्राध्यापकवर्गाने ठेवणे अगत्याचे आहे.