घरचा टेलिफोन ठेवावा की काढावा?

बारावीच्या वर्गात विद्युत्‌मंडलांचा पाठ संपत आला होता. तासाची घंटा झाली, मुले बाहेर पडली, आणि एक विद्यार्थी टेबलापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "सर, आमच्या घरी आठवडाभर एक वाद चालला आहे. भौतिकशास्त्रात त्याचे उत्तर मिळेल का?"

वाद असा होता. घरात माणसे पाच, मोबाइल चार आणि बाहेरच्या खोलीत एक लँडलाइन टेलिफोन. बाबा म्हणत होते, "महिनोन्‌महिने त्याला कोणी हात लावत नाही. पैसे मात्र दरमहा भरावे लागतात. काढून टाकू." आजोबा म्हणत होते, "मुळीच नाही. लाइट गेले तरी हा फोन बंद पडत नाही. दुपारी घरात मी एकटा असतो. मला काही झाले तर?" आजोबांना हृदयविकार आहे. तेव्हा वाद दिसायला पैशांचा असला, तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न फार गंभीर होता: संकटाच्या वेळी कोणता फोन चालेल?

मी त्याला म्हटले, "उत्तर देण्याआधी एक प्रयोग कर. आज घरी गेलास की मोठ्या माणसांना सांगून मेन स्विच बंद कर. मग टेलिफोन उचलून कानाला लाव. काय ऐकू येते ते मला उद्या सांग."

मित्रांनो, त्याने दुसऱ्या दिवशी काय सांगितले ते शेवटी पाहू. तोवर आपण या प्रश्नाच्या मागचे विज्ञान समजून घेऊ.

आजोबांचा विश्वास कोठून आला?

मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या शहरांत १८८२ च्या जानेवारीत टेलिफोन केंद्रे सुरू झाली. तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे आपल्याकडे घरचा टेलिफोन म्हणजे तांब्याच्या दोन तारांची जोडी. तिचे एक टोक घरातल्या टेलिफोनला आणि दुसरे टोक थेट केंद्राला जोडलेले. आता एक गोष्ट आठवून पाहा. या जुन्या टेलिफोनला विजेची वायर कधी होती का? नव्हती. भिंतीतल्या प्लगशी त्याचा संबंधच नसे. मग तो चालत असे कशावर?

तो चालत असे केंद्रातल्या बॅटरीवर. केंद्रात शिसे-आम्ल घटांची मोठी रांग असते. अशा एका घटाचे विभवांतर सुमारे २ व्होल्ट. असे २४ घट एकसरीत जोडले की ४८ व्होल्ट मिळतात. हेच ४८ व्होल्ट दोन तारांवाटे प्रत्येक घरापर्यंत पोचवले जातात. तुम्ही रिसीव्हर उचलला की मंडल पूर्ण होते आणि केंद्रातून प्रवाह वाहू लागतो. तुमच्या गल्लीतली वीज गेली, तरी केंद्रातली बॅटरी भरलेलीच असते. ती उतरू लागली, तर केंद्रातले डिझेलवर चालणारे जनित्र तिला पुन्हा भारित करते. कंदिलाच्या उजेडात टेलिफोनवर बोलल्याच्या आठवणी आजोबा सांगतात, त्या अगदी खऱ्या असतात.

आता एक लहानसे गणित करू. समजा, घर केंद्रापासून ४ किलोमीटरवर आहे आणि तारेचा व्यास ०.५ मिलिमीटर आहे. अशा तांब्याच्या तारेचा रोध एका किलोमीटरला सुमारे ८७ ओहम येतो. प्रवाह जाणार आणि परत येणार, म्हणून तारेची एकूण लांबी ८ किलोमीटर आणि रोध सुमारे ७०० ओहम. केंद्रातल्या मंडलाचा रोध ४०० ओहम आणि टेलिफोनचा २०० ओहम धरला, तर एकूण रोध १३०० ओहम होतो. ओहमच्या नियमाने ४८ ला १३०० ने भागा. उत्तर येते ०.०३७ अँपिअर, म्हणजे ३७ मिलिअँपिअर. एवढ्या प्रवाहाने टेलिफोनला मिळणारी शक्ती सुमारे पाव वॉट भरते. पण साध्या टेलिफोनला आपला आवाज पोचवण्यासाठी तेवढी पुरते.

चौकस विद्यार्थी विचारील, तार धन ठेवतात की ऋण? केंद्रात बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडतात आणि घराकडे जाणारी तार जमिनीच्या मानाने ऋण ठेवतात. याचे कारण रसायनशास्त्राच्या पुस्तकात आहे. विद्युत्‌ विघटनात धन अग्रावरचा धातू झिजतो, ऋण अग्रावरचा झिजत नाही. केबल जमिनीखालून जाते आणि तिच्यात ओल शिरते. तार धन ठेवली असती, तर तांबे हळूहळू विरघळून गेले असते.

टेलिफोनची घंटा वाजवण्यासाठी मात्र केंद्र वेगळी वीज पाठवते. ती सुमारे ७५ ते ९० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज असते आणि तिची वारंवारता सेकंदाला २० ते २५ असते. घंटेच्या वाटेत बसवलेले धारित्र ४८ व्होल्टच्या एकदिश प्रवाहाला अडवते आणि या प्रत्यावर्ती प्रवाहाला जाऊ देते. म्हणून रिसीव्हर खाली ठेवलेला असताना केंद्रातली बॅटरी उगाच खर्च होत नाही. फोनच्या उघड्या तारांना हात लावू नये, याचेही कारण हेच. नेमकी त्याच वेळी घंटा वाजली, तर चांगलाच झटका बसेल.

तांब्याच्या जागी काच

गेल्या काही वर्षांत अनेक घरांतून तांब्याची जोडी निघाली आणि तिच्या जागी केसासारखा बारीक काचतंतू आला. मूळ पंजाबचे नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॉपकिन्स यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पाठवता येते, हे १९५४ साली प्रसिद्ध केले. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून दूरवर संदेश पाठवता येतील, हे चार्ल्स काव यांनी १९६६ साली दाखवले. त्याबद्दल त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या उत्तम काचतंतूत प्रकाश सुमारे १५ किलोमीटर गेला, तरी त्यातला निम्मा शिल्लक राहतो. एकाच तंतूवरून टेलिफोन, इंटरनेट आणि दूरदर्शनचे कार्यक्रम असे सगळे येऊ शकते.

पण काच विद्युत्‌रोधक आहे. तिच्यातून ४८ व्होल्ट येऊ शकत नाहीत. घरी पोचणारा प्रकाश एका मिलिवॅटपेक्षाही पुष्कळ कमी असतो. त्याच्यावर टेलिफोन चालवणे दूरच, एक छोटा दिवासुद्धा लागणार नाही. म्हणून भिंतीवर हिरवे दिवे लुकलुकणारा एक डबा बसवतात. आपण त्याला सरसकट मोडेम म्हणतो. प्रकाशाचे रूपांतर विजेच्या संकेतांत करणे आणि टेलिफोनला वीज पुरवणे, ही दोन्ही कामे तो करतो. आणि त्याला स्वतःला वीज लागते ती तुमच्या घरातली.

तांब्याची तार निरोपाबरोबर शिदोरीही आणत होती. काचतंतू नुसता निरोप आणतो, शिदोरी आपण घरची द्यायची. घरची वीज गेली की डबा बंद, आणि डबा बंद म्हणजे टेलिफोनही बंद. दिसायला टेलिफोन तोच असतो, बहुतेक वेळा नंबरही तोच राहतो. त्यामुळे मधल्या काळात हा बदल झाला आहे, हे घरच्यांच्या ध्यानातही येत नाही.

हा प्रश्न आपल्यापुरताच नाही. ब्रिटनमध्ये तांब्याच्या तारांवरची जुनी टेलिफोन सेवा २०२५ च्या अखेरीस बंद करायचे ठरले होते. ती मुदत पुढे २०२७ च्या जानेवारीपर्यंत वाढवावी लागली. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी मदतीची हाक देणारी जी उपकरणे टेलिफोनच्या तारेला जोडलेली असतात, त्यांचे काय करायचे, ही त्यामागची एक मोठी चिंता होती.

आणखी एक बारकावा. तांब्याची जोडी अजून शाबूत असली, पण तिला कॉर्डलेस फोन जोडला असेल, तर तो लाइट गेल्यावर मुका होतो. कारण त्याच्या बैठकीला प्लगमधून वीज लागते. तेथे वायरचा साधा टेलिफोनच हवा.

मोबाइलची बाजू

आता बाबांची बाजू पाहू. मोबाइलच्या पोटात स्वतःची बॅटरी असते, म्हणून घरातली वीज गेली तरी तो लगेच बंद पडत नाही. या बाबतीत तो काचतंतूवरच्या टेलिफोनपेक्षा सरस आहे. शिवाय तो खिशात मावतो. माणूस न्हाणीघरात घसरून पडला, तर बाहेरच्या खोलीतला टेलिफोन त्याच्या काय कामाचा?

पण मोबाइल एकटा काही करू शकत नाही. तो रेडिओलहरींनी जवळच्या टॉवरशी बोलतो. ९०० मेगाहर्ट्‌झ वारंवारतेच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते. जाड दगडी भिंती, सळयांचे काँक्रीट आणि डोंगराची आड यांतून जाताना अशा लहरी क्षीण होतात. म्हणून जुन्या वाड्याच्या आतल्या खोलीत किंवा कोकणातल्या खोल वाडीत 'रेंज' मिळत नाही. टॉवरलाही वीज लागते. त्याच्या पायथ्याशी बॅटऱ्या असतात, काही ठिकाणी जनित्रही असते, पण तो साठा काही तासांचाच. शिवाय एका टॉवरवरून एका वेळी ठराविकच संभाषणे होऊ शकतात. संकट आले की सगळेच एकदम फोन करू लागतात आणि कोणाचाच लागत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. विजेचे खांब आडवे झाले आणि रायगड-रत्नागिरीतल्या अनेक गावांचा मोबाइल संपर्कही तुटला. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मोबाइल आणि लँडलाइन दोन्ही सेवा कोलमडल्या होत्या. खांबावरची तार झाड पडून तुटली किंवा केंद्रात पाणी शिरले, तर ४८ व्होल्टही उपयोगी पडत नाहीत. तेव्हा कधीच बंद न पडणारा फोन अस्तित्वात नाही, हे आधी मान्य करू.

दोन दोर, एकच खुंटी

मग दोन्ही फोन ठेवले की झाले, असे कोणी म्हणेल. येथे थोडे संभाव्यतेचे गणित करून पाहू. समजा, वादळाच्या दिवशी प्रत्येक फोन बंद पडण्याची शक्यता १० पैकी १ आहे. हा आकडा केवळ उदाहरणासाठी घेतला आहे. दोन्ही फोन बंद पडण्याची कारणे अगदी स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता १०० पैकी १ होते. ही फार मोठी सुधारणा झाली. पण दोन्ही फोन एकाच कारणाने बंद पडत असतील, तर ती १० पैकी १ च राहते. मग दुसरा फोन घेऊन आपण काहीच मिळवले नाही.

एका दोराऐवजी दोन दोर लावले, पण दोन्ही एकाच खुंटीला बांधले, तर खुंटी उपटल्यावर दोन्ही जातात. घरात रेंज नसते म्हणून मोबाइल वाय-फायवरून बोलतो आणि टेलिफोनही त्याच मोडेमला जोडला आहे, अशी घरे आज पुष्कळ आहेत. फोन दोन दिसतात, पण खुंटी एकच. म्हणून 'फोन किती आहेत' यापेक्षा 'खुंट्या किती आहेत' हे मोजायला शिकले पाहिजे.

आता तो विद्यार्थी काय म्हणाला ते सांगतो. दुसऱ्या दिवशी तो आला आणि म्हणाला, "सर, फोन मुका आहे. मेन स्विच बंद केल्यावर काहीच ऐकू आले नाही." चौकशी केल्यावर कळले, की दोन वर्षांपूर्वी इंटरनेट घेताना तांब्याची तार काढून काचतंतू बसवला होता. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. दोन वर्षे ते ज्या आधारावर निर्धास्त होते, तो आधार तेथे नव्हताच.

मग त्या घराने टेलिफोन काढला का? नाही. आजोबांच्या खोलीत मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून टेलिफोन ठेवायचे ठरले. पण त्याला शिदोरी दिली. मोडेमच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट आणि ०.५ अँपिअर असे लिहिले होते, म्हणजे जास्तीत जास्त ६ वॉट. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ८४ वॉट-तास ऊर्जा मावते. भागाकार केला तर १४ तास येतात. काही ऊर्जा वाया जाते म्हणून त्याने ८ तासच धरले. मोडेमसाठी तयार मिळणारा तेवढ्या क्षमतेचा बॅटरीचा संच त्यांनी आणला आणि टेलिफोन आजोबांच्या उशाशी नेला. शिवाय बटणांचा एक साधा मोबाइल दुसऱ्या कंपनीचा घेतला, म्हणजे खुंटी वेगळी झाली. तो आजोबांच्या खिशात असतो. दोन्हींवरून १०८ आणि ११२ कसे लावायचे, हे नातवाने त्यांना शिकवले.

तुमच्या घराचे उत्तर वेगळे असू शकेल. सर्व खोल्यांत मोबाइलची चांगली रेंज आहे, घरात दोन वेगळ्या कंपन्यांचे मोबाइल आहेत आणि लहान मुले किंवा वृद्ध एकटे राहत नाहीत, अशा घराने लँडलाइन काढली तर फारसे बिघडणार नाही. ज्यांच्याकडे अजून तांब्याची जोडी आहे आणि जेथे रेंज कमी किंवा वीज वारंवार जाते, त्यांनी ती घाईने काढू नये. मात्र निर्णय सवयीने किंवा नुसत्या बिलाकडे पाहून घेऊ नका, स्वतः तपासून घ्या.

त्यासाठी येत्या रविवारी हा प्रयोग करा. मोठ्या माणसांच्या परवानगीने आधी संगणक वगैरे बंद करा आणि मग मेन स्विच बंद करा. टेलिफोन उचलून आवाज येतो का ते पाहा. घरी इन्व्हर्टर असेल, तर मोडेम त्यावर आहे का तेही लगेच कळेल. मोबाइलचे वाय-फाय बंद करून प्रत्येक खोलीतून फोन लावून पाहा. मात्र चाचणीसाठी ११२ किंवा १०८ लावू नका. तुमच्या त्या फोनमुळे खरा गरजू ताटकळत राहील. जे आढळेल ते एका कागदावर लिहा आणि रात्री जेवताना घरच्यांना वाचून दाखवा. शिक्षकांनी सगळ्या वर्गाकडून हा प्रयोग करवून घेतला, तर किती घरांतले टेलिफोन अंधारात बोलतात आणि किती मुके होतात, याचा तक्ता फळ्यावर मांडता येईल.