सहेरीच्या पाण्याची राखण

रमजानमध्ये शहराचे घड्याळ बदलते. एरवी पहाटे साडेतीन-चारच्या सुमारास अष्टमीचे मोहल्ले गाढ झोपेत असतात. या महिन्यात मात्र त्याच वेळी स्वयंपाकघरांत दिवे लागतात, भांडी वाजू लागतात आणि घराघरांत नळ सुटतात. सहेरी उरकायची, वजू करायची, फजरची नमाज पढायची आणि मग सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही ओठांना लावायचा नाही. संध्याकाळी रोजा सोडताना हाती खजूर येतो आणि पाठोपाठ पाण्याचा पेला. पाण्याची खरी किंमत या महिन्यात जितकी कळते, तितकी ती एरवी कळत नाही.

पण हे पाणी पहाटेच्या त्या घटकेला नळात हजर असावे, यासाठी कोणीतरी रोजेदारांच्याही आधी जागा झालेला असतो. पंपावरचा ऑपरेटर, व्हॉल्व्हची चावी फिरवणारा कर्मचारी, फिटर, इलेक्ट्रिशियन, खड्डा खोदणारे मजूर आणि या सगळ्यांच्या कामाचा जाब ज्याला द्यावा लागतो तो पर्यवेक्षक. पाणी आले तर त्याचे नाव कोणी घेत नाही. नाही आले, तर पहिला फोन त्यालाच जातो.

मे महिन्यातही वाहणारी नदी

रोहा आणि अष्टमी म्हणजे कुंडलिकेचे दोन काठ आणि दोघांची मिळून एक नगरपरिषद. कोकणातल्या अनेक नद्या होळीनंतर डबक्यांपुरत्या उरतात. कुंडलिका मात्र ऐन उन्हाळ्यातही वाहते, याचे श्रेय एकट्या पावसाला देता येत नाही. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून मोठ्या नळांतून भिऱ्याच्या वीजगृहात उतरते, तिथली चक्रे फिरवते आणि मग कुंडलिकेच्या पात्रात येते. 1927 सालापासून हे चालू आहे. पुढे कोलाडजवळ डोलवहाळच्या बंधाऱ्यावर ते अडवून कालव्यांत वळवले जाते.

हे पाणी मुळचे मुळा नदीचे. निसर्गाच्या वाटेने ते भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळाले असते. ते पश्चिमेकडे वळवण्यासाठी मुळशी खोऱ्यातील शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. त्यांच्यासाठी 1921 ते 1924 या काळात मुळशी सत्याग्रह झाला आणि त्यातूनच पांडुरंग महादेव बापट हे 'सेनापती' म्हणून ओळखले जाऊ लागले. म्हणजे कुंडलिकाकाठी भरल्या जाणाऱ्या प्रत्येक घागरीत घाटावरच्या कोणाच्या तरी गेलेल्या शेताचा वाटा आहे.

पाणीपुरवठा सांभाळणाऱ्यांच्या दृष्टीने याचा अर्थ वेगळाच. इथे नदीची पातळी आभाळापेक्षा भिऱ्याच्या वीजनिर्मितीवर अधिक अवलंबून असते. तिथली चक्रे थांबली की पात्र उतरते, चालू झाली की चढते. दुसऱ्या बाजूने रेवदंड्याच्या खाडीतून भरतीचे पाणी वर सरकते. पावसाळ्यात हीच नदी लाल गाळाने भरून येते आणि तुरटीची मात्रा दिवसातून अनेकदा बदलावी लागते. अशा नदीकाठच्या पर्यवेक्षकाला वीज, भरती आणि पाऊस या तिन्हींवर एकाच वेळी नजर ठेवावी लागते.

जमिनीखालचे शहर

नदीतून उपसलेले पाणी तुरटीने निवळते, वाळूच्या थरातून गाळले जाते, क्लोरीन घेते, उंच टाकीत चढते आणि तिथून उतारावर वाहिन्यांमधून घरोघर पोचते. कागदावर हे सोपे वाटते. प्रत्यक्षात रस्त्याखाली वेगवेगळ्या काळातल्या वाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात: जुनी बिडाची, नवी प्लास्टिकची, मध्येच कोणी तरी घातलेला तुकडा. नकाशात जे नसते ते बहुधा जुन्या फिटरच्या डोक्यात असते. तो निवृत्त झाला की शहराची निम्मी माहिती त्याच्याबरोबर घरी जाते. म्हणून चांगला पर्यवेक्षक प्रत्येक दुरुस्तीनंतर वहीत लिहून ठेवायला लावतो: वाहिनी किती खोल होती, कोणत्या मापाची होती, व्हॉल्व्ह किती फेऱ्यांत पूर्ण उघडतो.

व्हॉल्व्ह उघडणे हेही कौशल्याचे काम. रिकाम्या वाहिनीत पाणी एकदम सोडले तर आतली हवा दाबली जाते, पाण्याचा दणका बसतो आणि जुना सांधा निखळतो. चावी सावकाश फिरवायची असते. घाईत वाचवलेली पाच मिनिटे पुढे पाच तासांचा खड्डा खणायला लावतात.

गळतीचा हिशेब तर कोणालाही करता येईल. मिनिटाला एक लिटर पाणी गळणारा सांधा दिवसाला 1440 लिटर पाणी घालवतो. शहरी माणसामागे दिवसाला 135 लिटर हे आपल्याकडे नियोजनाचे माप धरले जाते. म्हणजे तो एक सांधा दहा माणसांचे पाणी रोज मातीत मुरवतो. अशी लपलेली गळती शोधायची जुनी रीत अशी की रात्री सगळे शांत झाले की लोखंडी सळईचे एक टोक वाहिनीवर किंवा व्हॉल्व्हवर टेकवायचे आणि दुसरे कानाला लावायचे. पाणी कुठे फुसफुसत असेल तर सळई सांगते. यासाठी मध्यरात्रीनंतरचे दोन-तीन तास सोयीचे, कारण तेव्हा नळ बंद असतात. रमजानमध्ये तरावीहनंतर उशिरापर्यंत आणि पुन्हा सहेरीला नळ चालू राहतात, त्यामुळे ही शांत वेळ आक्रसते. ज्याला हे ठाऊक असते तो गळतीचा शोध रमजानच्या आधीच उरकून घेतो.

नळ कोरडा असताना

लोकांना वाटते, पाणी न येणे हे सर्वांत वाईट. जाणकारांना भीती असते ती वेगळी. ज्या वेळी पुरवठा बंद असतो, त्या वेळी वाहिनीत दाब नसतो. शेजारून गटार जात असेल आणि वाहिनीला बारीकशी फट असेल, तर घाण आत शिरते. कोणी नळालाच थेट मोटर जोडली असेल तर ती आतली घाण आणखी जोराने ओढते. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ पसरली, ती दूषित पाण्यातून. त्या साथीने माणसे दगावली. साताऱ्यात कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी देण्याची योजना राबवली. सोयीइतकाच तिचा मोठा फायदा हा की वाहिनी सतत भरलेली आणि दाबाखाली राहते, बाहेरचे आत येत नाही.

जिथे ठरावीक वेळीच पाणी येते, तिथे आधार असतो क्लोरीनचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी दर लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते. तपासणी साधी असते. नळाचे पाणी नळीत घ्यायचे, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग किती चढतो ते पाहायचे. मात्र ही तपासणी टाकीजवळ करून उपयोग नाही. ती वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या घरी करावी लागते. तिथे न जाताच वहीत आकडा भरता येतो आणि तसे केले तर त्या दिवशी कोणाला कळतही नाही.

रोजा आणि हे काम यांचे साम्य इथेच आहे. बंद दाराआड घोटभर पाणी प्यायले तर पाहणारे कोणी नसते. तरीही रोजेदार पीत नाही. शेवटच्या घराच्या नळापर्यंत चालत जाणाऱ्या कर्मचाऱ्यालाही कोणी पाहत नसते. इस्लाममध्ये ज्याला अमानत म्हणतात, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, ती हीच. तिला धर्माचे लेबल लागत नाही.

माणसे आधी, वाहिनी नंतर

पर्यवेक्षकाची खरी कसोटी लागते ती माणसांच्या बाबतीत. लोक खोळंबले आहेत, नगरसेवकांचे फोन येत आहेत आणि व्हॉल्व्ह खोल चेंबरमध्ये आहे. अशा वेळी 'उतर रे पटकन' हे तीन शब्द जीव घेऊ शकतात. बंद चेंबरमध्ये प्राणवायू कमी असू शकतो, विषारी वायू साचलेला असू शकतो. क्लोरीन वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो. गळती झाली की तो खड्ड्यात, तळघरात बसतो. झाकण उघडून हवा खेळू द्यायची, वायू तपासायचा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा, वर दुसरा माणूस उभा ठेवायचा आणि हे होईपर्यंत फोन वाजू द्यायचा. पाणी दोन तास उशिरा आले तर शहर रागावते आणि विसरते. गेलेला माणूस परत येत नाही.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2015 मध्ये तो जून-जुलैच्या पावसात होता, 2019 मध्ये ऐन मे महिन्यात, 2026 मध्ये फेब्रुवारीतच सुरू झाला. मे महिन्याच्या उन्हात रोजा ठेवून खड्ड्यात उभ्या असलेल्या मजुराला दुपारऐवजी सकाळची पाळी देणे, ही मेहेरबानी नव्हे, शहाणपण आहे. रोह्यात तर अशा अदलाबदलीला दोन्ही बाजूंनी जागा आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी श्री धावीर महाराजांची पालखी निघते, पोलिसांची मानवंदना होते, सारे गाव रस्त्यावर असते. त्या दिवशीची पाळी मुसलमान कर्मचाऱ्याने उचलावी, सहेरी-इफ्तारची पाळी हिंदू सहकाऱ्याने. जमिनीखालच्या वाहिनीला मोहल्ला कुठे संपतो आणि आळी कुठे सुरू होते हे ठाऊक नसते.

बांधणारे आणि टिकवणारे

अब्बासी खलिफा हारून रशीद यांची बेगम जुबैदा हिने हाजींसाठी मक्केकडे पाण्याचा कालवा आणवला. बाराशे वर्षांनंतरही तो तिच्याच नावाने ओळखला जातो. पण तो शतकानुशतके चालला, कारण तो पुनःपुन्हा दुरुस्त होत राहिला. सोळाव्या शतकात ऑटोमन राजकन्या मिहरिमाह सुलतान हिने त्याच्या दुरुस्तीचा खर्च उचलला. आपल्याकडे मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरीने आणले. जागोजागी हवा सुटायला आणि आत उतरून साफ करायला जागा ठेवल्या. बांधतानाच दुरुस्तीचा विचार केलेला होता, म्हणून ती नहर कित्येक पिढ्या शहराला पाणी देत राहिली. पुढे तिच्यावर बांधकामे झाली, देखभाल सुटली आणि ती आटत गेली.

पैगंबर साहेबांनी वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाण्याची उधळपट्टी करू नये असे शिकवले, हे मुसलमान घरातल्या मुलाला लहानपणीच सांगितले जाते. अष्टमीत तर वाहती नदी दारातच आहे. त्या शिकवणुकीचा आजचा अर्थ अगदी व्यवहारातला आहे: मशिदीतल्या वजूखान्याची गळती तोटी आजच बदलावी, नळाला थेट मोटर लावू नये, रस्त्यात पाणी झिरपताना दिसले तर ओलांडून न जाता कळवावे. आणि रस्ता खोदलेला दिसला, की 'पाणी कधी येणार?' या प्रश्नाआधी खड्ड्यात कोण उतरले आहे आणि वर दोर धरायला कोणी उभे आहे का, हे एकदा पाहून घ्यावे.