टायफॉइड : औषधांना न जुमानणारा जंतू

● उगम : पाकिस्तानातील सिंध प्रांतातलं हैदराबाद, नोव्हेंबर २०१६.

● कारण : साल्मोनेला टायफी या जंतूला दुसऱ्या जिवाणूकडून प्लास्मिड, म्हणजे प्रतिकारक जनुकं वाहून नेणारं डीएनएचं सुटं कडं, मिळालं.

● निकामी औषधं : क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, को-ट्रायमोक्साझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि सेफ्ट्रिॲक्झोनसुद्धा.

● उरलेला आधार : ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्या, गंभीर रुग्णाला शिरेतून मेरोपेनेम.

● लस : टायफॉइड कॉन्ज्युगेट लस नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मोहीम काढून मुलांना दिली. राष्ट्रीय लसीकरणात ती आणणारा पहिला देश पाकिस्तान (२०१९).

● आपल्या हाती : पाणी उकळून प्या, जेवणाआधी साबणाने हात धुवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका. ताप उतरला तरी कोर्स अर्धवट सोडू नका.