ठिणगीची झीज

नांदेडहून लातूरला निघा. वाटेत लोहा, अहमदपूर, चाकूर, कुठल्याही गॅरेजसमोर थांबा. स्पार्क प्लगविषयी तेच शब्द कानावर येतात. प्लग काळा पडला, प्लग शॉर्ट झाला, गॅप वाढला, प्लग मेला. व्यवसायाने मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक असल्याने हे शब्द टिपून ठेवायची मला सवय आहे. वरवर पाहता ही एकाच दुखण्याची चार नावे वाटतात, पण तशी ती नाहीत. पहिल्या दोन शब्दांत मळ आहे, तिसऱ्यात झीज आहे, आणि चौथा शब्द म्हणजे तपासणीआधीच दिलेला निकाल. मळ आणि झीज यांत गल्लत झाली की पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेला प्लग आठवड्याभरात पुन्हा दगा देतो. मग दोष जातो पेट्रोलला, नाहीतर आपल्याकडच्या उन्हाला.

उन्हाला तर उगीचच बदनाम केले जाते. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो खरा, पण चालत्या इंजिनात प्लगचे टोक ५०० ते ८५० अंशांच्या दरम्यान तापलेले असते. त्याला मराठवाड्याचा उन्हाळा काय आणि हिवाळा काय!

प्लगची रचना साधी आहे. मध्ये धातूची कांडी, तिच्याभोवती अॅल्युमिनाचे पांढरे आवरण, बाहेर लोखंडी आटे आणि टोकाशी वाकवलेला आकडा. कांडी आणि आकडा यांच्यातली पाऊण मिलिमीटरच्या आसपासची फट म्हणजे गॅप. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, पण कॉइल त्याचे हजारो व्होल्ट करते. एरवी हवा वीज वाहू देत नाही. ताण पुरेसा वाढला, की मात्र तिचे रेणू फुटतात आणि वीज फटीतून उडी घेते. जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि प्लग यांची जोडी बसवली. ठिणगीचे तत्त्व तेव्हापासून बदललेले नाही. भारतात १९५१ साली बंगळुरात मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे ‘मायको’, सुरू झाली. तिचे नाव आपल्याकडे इतके रुळले, की जुनी माणसे आजही दुकानात ‘मायकोचा प्लग’ मागतात.

आता झिजेचा हिशेब करू. नांदेड ते लातूर मोटारसायकलने साधारण तीन तास लागतात. इंजिन मिनिटाला सरासरी ४,००० फेरे फिरते असे धरा. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच इंधन जळते, पण पुष्कळ मोटारसायकलींत ठिणगी प्रत्येक फेऱ्याला पडते. त्यातली एक धूर बाहेर जाताना फुकट जाते. म्हणजे लातूर गाठेपर्यंत ७ लाख २० हजार ठिणग्या. साध्या प्लगचे आयुष्य १२,००० किलोमीटर धरले, तर हा आकडा सहा कोटींच्या घरात जातो.

यातली प्रत्येक ठिणगी क्षणभर सूर्याच्या पृष्ठभागाहून अधिक तापते. ती जिथे धातूला टेकते तिथला अगदी सूक्ष्म कण वितळतो आणि उडून जातो. उरलेल्या धातूला जळते वायू गंज चढवतात. साध्या प्लगचे टोक निकेलच्या मिश्रधातूचे असते आणि निकेल १,४५५ अंशांना वितळते. महागड्या प्लगमधले इरिडियम २,४४६ अंशांना वितळते, म्हणून ते अधिक टिकते.

वीज नेहमी टोकदार जागा शोधते. मंदिराच्या कळसाजवळ वीजवाहक सळई उभी करतात ती याच कारणाने. नव्या प्लगच्या कांडीची कड नाण्यासारखी धारदार असते. ठिणगी तिथूनच सुटते, आणि खातेही तिलाच. त्यामुळे नुकसान दुहेरी होते. फट रुंदावते आणि कड बोथट होते. दोन्हींमुळे ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात. आकडा ठोकून गॅप पुन्हा बसवता येतो, पण गेलेली कड परत येत नाही. पॉलिश पेपरने तर ती आणखी गोल होते.

अहमदपूरच्या एका तरुण मिस्त्रीने मला विचारले होते, “ठिणगी तर निळी पडायली, सर, मग गाडी चढाला मिसिंग का मारायली?” प्रश्न लाखमोलाचा होता. प्लग काढून, हेडला टेकवून किक मारली की आपण ठिणगी बघतो ती मोकळ्या हवेत. सिलिंडरात हीच हवा दाबून आठ-नऊ पट दाट झालेली असते. दाट हवेतून उडी मारायला कितीतरी जास्त ताण लागतो. बाहेर तीन-चार हजार व्होल्टवर भागते, तिथे आत दहा-बारा हजार लागतात, आणि प्लग झिजलेला असला तर वीस हजार. चढावर अॅक्सिलरेटर पिळला, की सिलिंडर पूर्ण भरतो, दाब कमाल होतो आणि कॉइलची ताकद नेमकी तिथे अपुरी पडते. सपाट रस्त्यावर तीच गाडी निमूट चालते.

मळाची गोष्ट वेगळी. काजळी वीज वाहते. आवरणाच्या नाकावर ती साचली, की वीज फट ओलांडण्याऐवजी काजळीवरून घरंगळत लोखंडात जाते. ‘शॉर्ट झाला’ हा गॅरेजचा शब्द इथे अगदी शास्त्रशुद्ध आहे. टोक ५०० अंशांपर्यंत तापले तर काजळी आपोआप जळून जाते. नांदेडच्या बाजारात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये फिरणारी गाडी तेवढी तापत नाही. तोच प्लग लातूरच्या रस्त्याला लागला, की स्वतःच स्वच्छ होतो. तिकडून परततो तो गोरा होऊन, पण सात लाख ठिणग्यांनी झिजून.

मळ आणि झीज दोन्ही एकदम भोगतो तो फवारणीच्या पेट्रोल पंपाचा प्लग. आपल्याकडे सोयाबीनवर चक्रीभुंगा किंवा उंटअळी दिसली, की वेळ मोजकाच असतो. पाऊस उघडून वापसा यायला हवा, आणि पुढची सर यायच्या आत शिवार उरकायला हवे. पंपाचे टू-स्ट्रोक इंजिन ६,००० फेरे फिरले, तर मिनिटाला ६,००० ठिणग्या पडतात. दोन तासांत नांदेड-लातूरचा प्रवास झाला. शिवाय त्याच्या पेट्रोलात ऑइल मिसळलेले असते. काही पंपांना लिटरला ४० मिली सांगितलेले असते, पण बांधावर मापाऐवजी अंदाजाने ओतले जाते. ऑइल जास्त झाले की काजळी, कमी झाले की पिस्टन धरते. त्यामुळे माणसे जास्तीकडेच झुकतात, आणि ते योग्यच आहे. प्लग पिस्टनपेक्षा कितीतरी स्वस्त!

मात्र त्यासाठी पिशवीत एक नवा प्लग आणि प्लग पाना हवा. पंप बंद पडला, तर आधी प्लग काढून पाहावा. टोक ओले, काळे असेल आणि कड शाबूत असेल, तर तो पुसून, वाळवून चालतो. कड गोल झालेली असेल तर घासत बसू नये, नवा लावावा. त्याची किंमत एका मजुराच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीहून कमी आहे, आणि बांधावर तेव्हा तीन-चार माणसे बसून असतात.