पुलाचे दोन पाय

गॅन्ट्री घ्यायची म्हटली की बोलणं वजनापासून सुरू होतं. किती किलो उचलायचे? आकडा सांगितला की कॅटलॉगचं पान उघडतं आणि मोटर ठरते. माझ्या मते पहिला प्रश्न अंतराचा हवा: दोन रुळांमध्ये अंतर किती, आणि त्यावरच्या पुलाला धावायचं किती?

रचना तशी साधी. दोन समांतर रूळ म्हणजे एक्स अक्ष. त्यांवर आडवा पूल. पुलावरून सरकणाऱ्या गाडीचा वाय. गाडीतून खाली उतरणारा हात झेड. भोसरी-चाकणच्या मशीन शॉपमध्ये सीएनसी लेथच्या डोक्यावरून जॉब नेणारा लोडर हा यांतला धाकटा भाऊ, त्याला एकच आडवा बीम पुरतो. लाकडाचा राउटर किंवा पत्रा कापणारं लेझर पाहिलं की पूर्ण पूल दिसतो.

खरी गोम या पुलातच आहे. जुन्या कपाटाचा रुंद खण एका टोकाला धरून ओढला की तिरका होऊन अडतो. पूल एकाच बाजूने ओढला की तेच होतं: एक पाय पुढे, दुसरा मागे, आणि गाइडमधल्या गोळ्या रुळाला आवळून बसतात. म्हणून दोन्ही पाय बरोबर चालवावे लागतात. अंतर कमी असेल तर एक मोटर आणि दोन्ही बाजू जोडणारा शाफ्ट चालतो. पण शाफ्ट लांबला की पिळतो आणि पलीकडचा पाय मागे पडतो. तेव्हा दोन्ही पायांना स्वतंत्र सर्व्हो आणि त्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारा कंट्रोलर हवा. इथे पैसे वाचवू नयेत, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

पुलाचा बाकही असाच फसवतो. त्याच सेक्शनचा बीम दुप्पट लांब घेतला, तर मध्यावर तेच वजन टांगल्यावर तो आठपट वाकतो. बॉल गाइडचं गणितही घनाचंच: भार दुप्पट झाला की आयुष्य आठवा भाग उरतं. कॅटलॉगमधला कमाल भार हा रोज वापरायचा भार नव्हे.

आता ओढायचं कशाने? अचूकतेसाठी बॉलस्क्रू चांगला, पण लांबी दुप्पट झाली की तो थरथरू लागण्याचा वेग चौथाईवर येतो. त्यामुळे तीन-चार मीटरच्या पुढे त्याच्याकडून पळण्याची अपेक्षा नको. बेल्ट पळतो, पण ताणला जातो. रॅक-पिनियन जोडत जोडत हवं तितकं लांबवता येतं. फक्त दात-दातांमधला प्ले काढावा लागतो. लिनियर मोटर उत्तम, पण तिच्या चुंबकांना लोखंडी चुरा चिकटतो; चुंबक झाकून ठेवायची तयारी असेल तरच ती घ्यावी.

उष्णतेचा विचार मात्र फार थोडे लोक करतात. पत्र्याच्या शेडमध्ये सकाळपासून दुपारपर्यंत तापमान 20 अंशांनी चढलं, तर सहा मीटरचा अॅल्युमिनियमचा बीम सुमारे पावणेतीन मिलिमीटर वाढतो, त्यावरचा पोलादी रूळ त्याच्या निम्मा. दोन्ही बोल्टने घट्ट बांधले असतील तर जोडी धनुष्यासारखी वाकू पाहते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची अचूकता मागणाऱ्या कामाला हे परवडत नाही.

झेड अक्षाला ब्रेक हवाच. वीज गेली की सर्व्हो सोडून देतो आणि हात जॉबसकट खाली येतो; म्हणून वीज जाताच स्प्रिंगने आपोआप लागणारा ब्रेक मागावा. खाली फिक्स्चर असतं, कधी माणसाचे हातही.

आणि यंत्र ताब्यात घेताना एकदा थंड असताना, मग दोन तास पूर्ण वेगाने पळवून, बेडच्या चारही कोपऱ्यांत डायल लावून बघावं. मधोमध लावलेला डायल दोन पायांमधला फरक अर्धाच दाखवतो. पूल तिरका धावत असेल तर ते कोपऱ्यांतच पुरतं दिसतं.